तेजाब प्यालेलं गंगाळ

मी गंगाळ बोलतोय. तांब्याचं, पसरट तोंडाचं, दोन बाजूंना दोन कड्या असलेलं, आंघोळीच्या पाण्याचं गंगाळ.

शाळेत लेकरांकडून आमच्यावर निबंध लिहून घेतात. त्यात फाटकी छत्री बोलते, जुनं दप्तर बोलतं, आणि सगळी कशी गोड बोलतात. वापरलं म्हणून माणसांचे आभार मानतात, टाकून दिलं तरी माफ करतात. मी तसा बोलणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

एक इंग्रज कवी होता. दोनशे वर्षांपूर्वी मेला. मी त्याला पाहिलं नाही, त्यानं मला पाहिलं नाही. तरी माझं त्याच्याशी वैर आहे. आणि त्याच्याहून जास्त वैर त्याचा अभ्यास करणाऱ्याशी आहे.

आधी मी नुसता पत्रा होतो. लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून मला पोट आणलं. काठात तार घातली, त्या तारेवर पत्रा वळवून बसवला. ही काठाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. मग मी उदगीरच्या एका भांड्याच्या दुकानात आलो आणि तिथं छताला वर्षभर टांगून राहिलो.

एक दिवस सिद्धरामअप्पा आले. त्यांचं किराणा दुकान. पोरीचं लग्न ठरलेलं. त्यांनी मला खाली काढायला लावलं, बोटानं टणटण वाजवून बघितलं आणि म्हणाले, "ह्येच द्या. नाव घालून द्या."

दुकानातल्या माणसानं मला दोन्ही गुडघ्यांत धरलं. हातात छोटी छिन्नी आणि छोटी हातोडी. नाव घालतात ते ठिपक्या ठिपक्यानं. एकेका अक्षराला पंधरा-वीस ठिपके.

"काय टाकू मामा?"

"लिव. चि. सुकन्या हिस अप्पाकडून. खाली सिद्धराम, उदगीर."

"गाव कशाला? जागा पुरंना."

"पुरव की. पोरगी सातवी शिकलेली हाय, वाचती ती. उद्या सासरी कुणी म्हणाय नको, भांडं आमचं हाय म्हून."

दुखलं मला. पण ते दुखणं वेगळं होतं. ठिपके पडत गेले तसा मी कुणाचा तरी झालो.

सुकन्या सातवीत होती तेव्हा तिची आई गेली, आणि तिथून पुढं घर तिच्या अंगावर पडलं. म्हणून सातवी. नाहीतर ती वाचणारी पोरगी. लग्नानंतर मांडवातून घरी आल्यावर तिनं सगळ्यात आधी माझ्यावरचे ठिपके बोटानं वाचले. डोळ्यांनी नाही, बोटानं.

सासर अहमदपूरला, मार्केट यार्डाच्या मागं, भाड्याच्या दोन खोल्या आणि एक न्हाणी. नवऱ्याचं नाव शिवप्रसाद. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. सगळी गल्ली त्याला सर म्हणते. घरात त्याची आई, शिवम्मा. पहिली दोन वर्षं शिवम्मानं मला माळ्यावर ठेवलं आणि माझ्यात जुन्या गोधड्या कोंबल्या. मी तक्रार केली नाही. गोधड्यांचं काही वाईट नसतं.

मग नीली आली. नीलांबिका हे तिचं पाळण्यातलं नाव, पण हाक नीली. पोर बसायला लागली तसं सुकन्यानं मला खाली उतरवलं, चिंच-मिठानं घासलं आणि न्हाणीत मांडलं. त्या दिवसापासून मी कामाचा झालो.

सुकन्या लेकराला आंघोळ कशी घालायची ते सांगतो. आधी माझ्या काठावरून पूर्ण गोल बोट फिरवायची, कुठं धार निघाली तर नाही. मग पाण्यात हात. मग कोपर. मग थोडं थांबून परत कोपर. मग नीलीला आत ठेवायची. पोरीला काठ धरायची सवय. दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि काठालाच तोंड लावायची. म्हणून सुकन्या आधी आपला हात काठावर ठेवायची, आणि पोरीचे पंजे आईच्या हातावर पडायचे.

"आंघोळ घालतीस का तिची परीक्षा घेतीस?" शिवप्रसाद हसायचा.

तिला भीती लई. आड दिसला की आडात पडलेलं लेकरू दिसायचं. शिवणाची सुई दिसली की ती लेकराच्या घशात दिसायची. भाजीवाल्याच्या तराजूची साखळी बघूनही तिनं एकदा नीलीचा गळा चाचपला होता. घरात सगळे तिला भित्री म्हणायचे.

आणि त्याच घरात दुसऱ्या खोलीत त्या कवीची पूजा चाललेली.

शिवप्रसाद चार वर्षांपासून त्याच्यावर पीएचडी करत होता. जाडजूड पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आत रंगीत चित्रं. चित्रं कवीनंच काढलेली. तो मोठ्यानं वाचायचा, आणि भिंत पातळ असल्यामुळं मला सगळं ऐकावं लागायचं. त्या कवीला म्हणे लहानपणापासून दिसायचं. भर दुपारी आडाच्या काठावर उजेडाचा म्हातारा बसलेला दिसला. बाजारात चालताना माणसांच्या पाठीला पंख दिसले. लोक त्याला वेडा म्हणाले, आणि आता त्याच्यावर लोक पीएचडी करतात.

त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक वस्तूत जीव कोंडलेला आहे. दगडात आहे, मडक्यात आहे. आपल्या डोळ्यांवर झाकण आहे म्हणून तो दिसत नाही, ऐकू येत नाही. शिवप्रसाद हे वर्गात सांगायचा आणि घरी भाकऱ्या चाललेल्या असताना बायकोलाही सांगायचा.

"सुकन्या, हा म्हणतो, बघणारा डोळा पायजे. मग दगडातसुद्धा कुणीतरी बसलेलं दिसतं."

"आमच्या अप्पाला विचारा की. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन बघत बसत्यात. त्येंनी कुठं पीएचडी केली?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"तुला नाही कळणार ते."

म्हणजे त्यालाही कळलेलं नव्हतं.

शिवम्मानं एकदा ते पुस्तक उघडून चित्र बघितलं. पंख असलेला एक उघडा माणूस ज्वाळांतून वर निघालेला. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्याच्या अंगावर कापडं कशी न्हाईत रं? थंडीचा मुलूख ना त्येंचा?"

"आई, तो आत्मा आहे."

"मग आत्म्याला एवढे स्नायू कशाला काढलेत?"

मला हसू आलं. पण मी हसलो तर कोण ऐकणार? वस्तूत जीव असतो असं रोज ओरडून सांगणारा माणूस न्हाणीत येऊन माझ्यात हात बुडवायचा, तोंड धुवायचा आणि निघून जायचा. इतक्या दिवसांत त्यानं माझ्यावरचे ठिपकेसुद्धा वाचले नव्हते.

त्याच्या मार्गदर्शक नांदेडला. लुंबिनी मॅडम. महिन्यातून दोनदा तो लोह्यावरून एसटीनं त्यांच्याकडं जायचा. श्रावण लागायच्या आधी एकदा परत आला तो तोंड पाडूनच. मॅडमनी चित्रांवरचं प्रकरण परत केलं होतं. म्हणाल्या होत्या, "हे कोरडं आहे. त्या माणसानं हातानं काय केलं ते तुम्हाला कळलेलंच नाही."

त्यानं हातानं काय केलं होतं ते आता मीच सांगतो. कुणी छापेना म्हणून तो कवी स्वतःच छापायचा. तांब्याच्या पत्र्यावर तेजाबात न विरघळणाऱ्या लेपानं कविता आणि चित्र काढायचा, वर तेजाब ओतायचा. लेप असेल तिथं तांबं वाचायचं, बाकीचं तेजाब खायचं. मग उठलेल्या अक्षरांना शाई लावून कागदावर दाब. सगळं घरातल्या घरात.

शिवप्रसाद म्हणाला, "मी करून बघतो. त्याशिवाय कळणार नाही."

सुकन्यानं परातीवरून मान वर केली. "त्याची बायको काय करायची?"

"ती मदत करायची त्याला. रंग भरायची. तिला लिहायला-वाचायला त्यानंच शिकवलं."

"आन् लेकरं?"

"लेकरं नव्हती त्यांना."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. खाली बसून मला टणटण वाजवलं, अप्पांनी वाजवलं होतं तसंच. पण अप्पा माझा आवाज ऐकत होते, हा माझी जाडी बघत होता. "तांबं चांगलं आहे याचं. बुडाचा पत्रा सपाट निघेल."

"त्ये अप्पाचं हाय."

"मी विचारलं फक्त."

मग त्यानं लातूरहून तांब्याचा एक तुकडा आणला आणि चांदीच्या एका कारागिराकडून तेजाबाची बाटली. कारागिरानं बाटली देताना बजावलं होतं, "सर, जपून. हे बोट खातं." हे त्यानं घरी हसत हसत सांगितलं. बाटली ठेवली न्हाणीतल्या फळीवर, साबणाच्या शेजारी.

सुकन्यानं ती बघितली आणि तिला जे दिसायचं ते दिसलं असणार.

"अहो, ही बाटली हितं नको."

"वरच्या फळीवर आहे. तिचा हात पुरतो का?"

"आज न्हाई पुरत. बाटली पडली तर?"

"कशी पडेल? तुला सगळीकडं तेच दिसतं. जरा चांगलं बघायला शीक."

"कॉलेजात ठेवा की."

"कॉलेजात तेजाब ठेवू देतात का? काहीतरीच बोलतीस."

म्हणजे कॉलेजात ठेवू देत नाहीत ते घरात चालतं. मी ऐकलं. तिनंही ऐकलं. त्या दिवशी तिनं बाटलीच्या गळ्याला दोरी बांधली आणि दोरी खिळ्याला. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं.

आता तो दिवस. श्रावणातला रविवार. सुकन्या पोरीला घेऊन उदगीरला अप्पांना भेटायला गेली होती, संध्याकाळी येणार होती. शिवम्मा शेजारच्या गल्लीत भजनाला. घरात तो आणि मी.

त्यानं तांब्याच्या तुकड्यावर लेपानं चार ओळी लिहिल्या आणि एक पंखवाला काढला. छापायचं तर अक्षरं उलटी काढावी लागतात, हे चार वर्षं वाचून यानं सुलटीच काढली. मग भांडं शोधायला लागला. प्लास्टिकची बादली वितळेल असं त्याला वाटलं. स्टीलचं भांडं आईचं, ती ओरडेल. मग त्याची नजर माझ्यावर आली. पुस्तकात तांब्यावर तेजाब ओततात असं लिहिलंय, म्हणजे तांबं तेजाब झेलतं, अशी त्याची समजूत. तांबं वाचवतो तो लेप, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

माझ्यात पाणी ओतलं. मग तेजाब, सगळी बाटली. मग तो तुकडा.

तांबं खाणारं पाणी त्यानं तांब्याच्याच पोटात ओतलं. मी कसा ओरडलो ते काय सांगू? आधी बुडबुडे आले. पाणी हिरवं-निळं झालं. मग तांबडा-तपकिरी धूर उठला आणि न्हाणी भरून गेली. वस्तूंचा आवाज ऐकू येणाऱ्या कवीचा तो शिष्य तोंडाला उपरणं लावून बाहेर पळाला आणि अंगणात खोकत बसला. त्याचा पंखवाला माझ्या तळातल्या तुकड्यावरून लेपासकट सुटून वर तरंगायला लागला होता.

धूर जरा कमी झाल्यावर तो आला, कडी धरून मला मोरीत पालथं केलं. पाणी माझ्या अंगावरून ओघळून गेलं. त्यानं दोन तांबे पाणी टाकलं, मला सरळ केलं, खिडकी उघडली, बाटली पिशवीत घालून बाहेर टाकून आला. हात धुतले. बोटांची टोकं पिवळी पडली होती, ती जाईनात.

आणि माझं पोट आतून लख्ख झालं होतं. गुलाबी, नव्यासारखं. तेजाबानं वरचा सगळा थर खाल्ला की तांबं तसंच दिसतं. पण काठात वळवलेली तार आठवते ना? पत्रा आणि तार यांच्या फटीत तेजाब जाऊन बसलं होतं. दोन तांबे पाण्यानं ते निघत नाही. ते तिथंच बसलं आणि हळूहळू काठावर पाझरत राहिलं.

संध्याकाळी बायको आली. आई आली. जेवणं झाली. त्यानं एक शब्द सांगितला नाही. शिवम्मानं विचारलं, "बोटं पिवळी कशानं रं?" तो म्हणाला, "हळद लागली." हळदीला हात लावलेला त्याला कधी कुणी बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तो पहिल्या तासाला लवकर निघून गेला.

शिवम्मा न्हाणीत आली. मला बघून थांबली. "किती लख्ख निघालंय," ती स्वतःशीच म्हणाली. श्रावणी सोमवार, सुनेनं चिंच लावून घासलं, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं सुकन्या आली. तिलाही तेच दिसलं, आणि तिला वाटलं, सासूनं घासलं. या घरात चुकलं तर बोलायची पद्धत आहे. चांगलं केलं तर बोलायची पद्धत नाही. म्हणून दोघीही मनातल्या मनात बरं वाटून घेऊन गप्प बसल्या. एकीनं जरी म्हटलं असतं, छान घासलंत हो, तरी सगळं उघडं पडलं असतं.

सुकन्यानं ऊन पाणी ओतलं. नीली तिच्या कमरेवर, उघडी, पाणी बघून पाय झाडणारी. पोरीला माझी ओढ होती. ती पुढं झुकली आणि दोन्ही पंजे पसरून काठाकडं आली.

मी त्या घरात आल्यापासून कधी काही मागितलं नव्हतं. त्या वेळेला मागितलं. धरू नकोस, म्हणालो. माझ्याकडं येऊ नकोस. ज्या लेकरासाठी मी माळ्यावरून उतरलो, त्याच लेकराला मी जाळणार होतो, आणि माझ्या आवाजाला तोंड नव्हतं.

सुकन्यानं रोजच्यासारखं केलं. पोरीच्या आधी आपला हात काठावर टाकला आणि बोट गोल फिरवलं.

अर्ध्या गोलावर ती थांबली. हात झटकला. परत बघितलं. दोन बोटांची कातडी पांढरी पडून पिवळी होत होती. त्या क्षणी तिनं नीलीला मागं ओढलं, इतकं जोरात की पोर रडायला लागली.

"आत्याबाई, लेकरू घ्या. आधी लेकरू घ्या."

शिवम्मा धावत आली. सुकन्यानं नळ सोडून त्याखाली बोटं धरली. मग माझ्याजवळ वाकून वास घेतला. मग फळीकडं बघितलं. खिळ्याला दोरी लोंबत होती. बाटली नव्हती.

"हळद," शिवम्मा म्हणाली. "हळद लागली म्हणला मला." आणि नीलीला छातीशी धरून तिथंच उंबऱ्यावर बसली.

सुकन्या सरकारी दवाखान्यात बोटांना पट्टी करून आली. मग नवऱ्याच्या टेबलावरची वही उघडून तिच्या पहिल्या पानावरचा नंबर लावला. न्हाणीच्या दारातच उभी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, मी शिवप्रसाद सरांची मंडळी बोलायले, अहमदपूरहून. एक इचारायचं होतं. तुमच्या त्या कवीनं तेजाब घरात कुठं ठेवलेलं होतं, त्ये पुस्तकात लिवलंय का?"

पलीकडून लुंबिनी मॅडम म्हणाल्या, "का हो? काय झालं?"

तिनं सांगितलं. जसं झालं तसं, जास्त नाही, कमी नाही.

"लेकरू?"

"बरं हाय. हात पोचला नव्हता."

"आणि तुम्ही?"

"दोन बोटं. दवाखान्यात जाऊन आले."

"सुकन्याताई," मॅडम म्हणाल्या, "ते कुठंच लिहिलेलं नाही. मी वीस वर्षं शिकवते, मला कधी हा प्रश्न पडला नाही. सर आले की त्यांना मला फोन करायला सांगा."

दुपारी तो आला. दारातच आईचं तोंड बघून त्याला कळलं.

"काही झालं नाही ना? मग झालं तर. मी धुतलं होतं. दोन तांबे पाणी टाकलं होतं."

"सांगितलं का न्हाई?" सुकन्यानं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"म्हणून?"

मॅडमचा निरोप तिनं सांगितला, तसा त्यानं मॅडमला फोन लावला. मॅडमचा आवाज मोठा, खोलीभर ऐकू येत होता. "चित्रांचं प्रकरण मी आता वाचणार नाही. आधी मला एक लिहून आणा. बाटली कुठं ठेवली, कशात ओतली, आणि घरात कुणाला सांगितलं नाही ते का. ते नीट लिहिता आलं तर मग कवीचं बघू."

फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा काळा पडला होता. "माझी चार वर्षं एका फोनमध्ये घालवलीस तू."

"लेकीचे हात गेले असते तर किती वर्षं गेली असती?"

"गेले का पण? नाही ना गेले?"

शिवम्मा मधे पडली. आजवर ती कधी मधे पडली नव्हती. "न्हाई गेले ते तुझ्यामुळं न्हाई. जिला भित्री म्हणून हसतूस तिच्यामुळं."

मग चारेक दिवसांनी, राग जरा निवळल्यावर, तो न्हाणीत आला, मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "आता हे तसंही वाया गेलंय. आंघोळीला तू काही घेणार नाहीस. मला कापायला दे. बुडाच्या दोन प्लेटी निघतील. या वेळी नीट करतो, बाहेर, पटांगणात."

या माणसाचा मला जो राग आला तो तेजाबाहून जास्त होता. तेजाबाला निदान माहीत नसतं.

सुकन्यानं त्याच्या हातून मला काढून घेतलं. राख आणि खायचा सोडा लावून तिनं मला घासलं, एकदा नाही, आठ दिवस रोज. काठाची फट काडीनं कोरली. त्यात सोड्याचं पाणी भरून ठेवलं, ओतलं, परत भरलं. मग एका दुपारी अंगणात गोणपाट टाकून बसली. एक खिळा आणि खलबत्त्याचा बत्ता घेतला. मला मांडीवर आडवं केलं. अप्पांनी घातलेल्या नावाच्या बरोबर खाली खिळ्याचं टोक ठेवलं आणि बत्त्यानं ठोकलं.

टक.

शिवम्मा आतून आली. "बापानं दिलेलं भांडं ठोकायलीस व्हय?"

"लिवायले आत्याबाई."

मी मांडीवरून घसरत होतो, ठिपके वाकडे पडत होते. मग शिवम्मा समोर बसली आणि माझ्या दोन्ही कड्या घट्ट धरल्या. "हं. ठोक आता."

दोन दुपारी लागल्या. पट्टीची बोटं होती म्हणून तिनं खिळा दुसऱ्या हातात धरला. अक्षरं लहानमोठी आली, ओळ वर चढत गेली. पण वाचता येतात. चि. सुकन्या हिस अप्पाकडून, सिद्धराम, उदगीर. आणि खाली तिचं:

यात तेजाब होतं. लेकराला बसवू नये. सुकन्या.

शिवप्रसाद दाराला टेकून बघत होता. तांब्यावर स्वतःच्या हातानं लिहिणारं माणूस चार वर्षं तो पुस्तकात बघत होता. आता ते त्याच्या अंगणात गोणपाटावर बसलेलं होतं. त्यानं माझ्यावरचं सगळं वाचलं, वरचंही, पहिल्यांदाच.

"अक्षर चांगलं आलंय," तो म्हणाला.

"वाचता येतंय ना? मग बास."

त्याचा तो कागद मॅडमकडं गेला का नाही, मला ठाऊक नाही. तो अजून वाचतो, पण मोठ्यानं नाही.

मी आता अंगणात भिंतीला टेकलेला असतो. माझ्यात कुणी पाणी भरत नाही. नीली चालायला लागली आहे. येऊन माझ्यासमोर उकिडवी बसते आणि ठिपक्यांवरून बोट फिरवते, आईसारखंच. सुकन्या लगेच बाहेर येते, तिला उचलते आणि आत नेते.

आता माझ्यात तेजाबाचा थेंब उरलेला नाही. हे मला माहीत आहे, तिला माहीत नाही. तिनं इतकं घासलं आहे, की आज ती लेकराला माझ्यात बसवेल तर काही होणार नाही. हे मी तिला कितीदा सांगितलं. ती ऐकत नाही. आणि तिनं ऐकूही नये. एकदा भांड्यावर विश्वास ठेवून बघितलाय तिनं.

उद्या मी मोडीत जाईन, कुणी दुसरं मला विकत घेईल. तुमच्या दारात आलो, तर मला टणटण वाजवून बघू नका, माझी जाडी बघू नका, माझ्यात कुणाचा आत्मा आहे का तेही शोधू नका. आडवं करा, उजेडाकडं धरा आणि आधी वाचा.